५७ अभ्यासांची बेरीज शून्य? मेंदूच्या चित्रांचं मेटा-ॲनालिसिस

उंबरठा_०५ (धागाकर्ता)

नैराश्यात मेंदूचा नेमका कुठला भाग बिघडतो, यावर इथेच मोठी हाणामारी झाली होती. प्रत्येकाने आपापला पेपर आणून आदळला. एकाच्या पेपरात अमिग्डाला (भीती-भावनांशी जोडला जाणारा मेंदूचा भाग) जास्त पेटलेला, दुसऱ्याच्यात कमी, तिसऱ्याच्यात सगळा दोष प्रीफ्रंटलचा, म्हणजे कपाळामागच्या भागाचा. शेवटी कुणीतरी वैतागून लिहिलं, "सगळे पेपर एकत्र केले तर काय निघतं ते सांगा ना!" ते काम कधीच झालंय आणि त्याचं उत्तर पचायला जड आहे, म्हणून हा वेगळा धागा.

२०१७ साली 'जामा सायकिॲट्री'त व्हेरोनिका म्युलर, सायमन आइकहॉफ आणि मंडळींनी नैराश्यावरचे ५७ अभ्यास घेतले. त्यांत ९९ प्रयोग आणि एकूण १०५८ रुग्ण. भावनिक आणि बौद्धिक कामं करताना रुग्णांचा मेंदू निरोगी लोकांपेक्षा कुठे वेगळा वागतो, एवढाच प्रश्न. उत्तर: सगळे अभ्यास मिळून बोट ठेवतील अशी एकही जागा सापडली नाही. त्याआधीची अशीच मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांची सांख्यिकी बेरीज) एकमेकांशी जुळत नव्हती, तेच तपासायला हे लोक बसले होते.

आता लगेच "म्हणजे नैराश्य मेंदूत नसतंच" असं लिहायला कुणी धावू नये. या पद्धतीने नेमकं काय मोजलं ते आधी पाहू.

एफएमआरआयचा (काम करताना मेंदूचा कुठला भाग सक्रिय होतो ते दाखवणाऱ्या स्कॅनचा) पेपर छापताना पूर्ण मेंदूचा नकाशा सहसा छापत नाहीत. ज्या जागा सांख्यिकी उंबरठ्याच्या (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही अशी ठरवलेली सीमा) वर गेल्या त्यांच्या शिखरबिंदूंचा तक्ता छापतात: एक्स, वाय, झेड असे तीन आकडे. दोन लाखांहून जास्त व्हॉक्सेलमधून (मेंदूच्या चित्राचे बारीक घन ठोकळे) हातात उरतात दहा-पंधरा बिंदू. महाराष्ट्राचा नकाशा काढायचाय आणि तुमच्याकडे फक्त कळसूबाई, साल्हेर अशा शिखरांची यादी आहे, असं समजा. यादीत मराठवाड्याचं नाव नाही म्हणून तिथे पठार आहे की समुद्र, हे यादीवरून कळणार नाही.

या बिंदूंवरून बेरीज करायची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे एएलई (ॲक्टिव्हेशन लाइकलीहूड एस्टिमेशन). पीटर टर्केलटॉब आणि सहकाऱ्यांनी ती २००२ मध्ये मांडली, आइकहॉफच्या गटाने २००९ पासून तिची बरीच डागडुजी केली. प्रत्येक बिंदूभोवती एक त्रिमितीय गॉसियन ढग काढायचा, कारण बिंदू नेमका तिथेच असेल याची खात्री नसते. अभ्यासात माणसं कमी असतील तर ढग पसरट, जास्त असतील तर आटोपशीर. एका प्रयोगाचे सगळे ढग मिळून त्या प्रयोगाचा नकाशा होतो. मग प्रत्येक व्हॉक्सेलपाशी विचारायचं: यांतल्या निदान एका प्रयोगाचा बिंदू इथे असण्याची शक्यता किती? प्रत्येक प्रयोगाची 'नसण्याची' शक्यता घ्या, त्यांचा गुणाकार करा, तो एकातून वजा करा. झाला एएलईचा आकडा.

हा आकडा कशाशी ताडून पाहतात, तिथे खरी गोम आहे. इथला नल हायपोथिसिस (ज्याला खोटं ठरवायचं ते गृहीतक) "इथे काही परिणाम नाही" असा नसतो. "या प्रयोगांचे बिंदू करड्या भागात एकमेकांशी संबंध न ठेवता कुठेही पडले आहेत" असा असतो. म्हणजे एएलई विचारते, बिंदू योगायोगापेक्षा जास्त दाटीवाटीने एका जागी आलेत का. परिणाम किती मोठा, कोणत्या अभ्यासात उलटा, कोणत्यात शून्य, यांतलं काहीही ती विचारत नाही. म्हणून म्युलरबाईंचा निकाल वाचताना "दाटी सापडली नाही" असं वाचा, "फरक नाही" असं नको.

माझं मत आधीच सांगून ठेवतो: बिंदूंवरून केलेली बेरीज ही नाइलाजाची सोय आहे. तिला नकाशा म्हणून भिंतीवर लावू नये.

---

पोहे_विदाउट_कांदा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण एक बाळबोध शंका. औषधांच्या चाचण्यांचं मेटा-ॲनालिसिस असतं त्यात प्रत्येक अभ्यासाचा परिणाम आणि त्याची चूक घेऊन सरळ भारित सरासरी काढतात ना? मग इथेच ही ढगांची भानगड का?

---

उंबरठा_०५

शंका बाळबोध नाही, मुळावरच आहे. तसं करता येतं आणि तसंच करायला हवं. त्याला इमेज-बेस्ड मेटा-ॲनालिसिस म्हणतात. प्रत्येक अभ्यासाचा पूर्ण नकाशा घ्यायचा, प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये परिणाम आणि त्याचं व्हेरिअन्स (अनिश्चितता) घ्यायचं, रँडम इफेक्ट्स मॉडेल (प्रत्येक अभ्यासाचा खरा परिणाम थोडा वेगळा असू शकतो असं धरणारं गणित) लावायचं. अभ्यासा-अभ्यासांतला खरा फरक वेगळा मोजता येतो, लहान पण सगळीकडे सारखा असणारा परिणाम पकडता येतो. दहा अभ्यासांत जागा उंबरठ्याच्या किंचित खाली राहिली असेल तर एएलईला ती दहाही वेळा दिसत नाही. पूर्ण नकाशांच्या बेरजेत ती ठळक वर येते. २००९ मध्ये सलिमी-खोर्शिदी आणि सहकाऱ्यांनी वेदनेच्या अभ्यासांवर दोन्ही रीती शेजारी ठेवून हेच दाखवलं.

अडचण फक्त एक: नकाशे मिळत नाहीत. २०१५ मध्ये न्यूरोव्हॉल्ट सुरू झालं, तिथे कुणीही आपला नकाशा चढवू शकतो. पण जुन्या पेपरांचे नकाशे कुणाच्या तरी निवृत्त झालेल्या संगणकावर.

---

जावईशोध

झालं ना मग! सगळा बाजार पोकळ आहे हे आम्ही पहिल्यापासून सांगतोय. मेलेल्या माशाचा मेंदूसुद्धा विचार करताना दाखवलाय या मशीनने. आणि २०१६ मध्ये तर ४०,००० पेपर चुकीचे निघाले. कचऱ्यात कचरा मिसळून अत्तर होत नाही.

---

तिठा

मासा आणि ४०,००० हे दोन्ही अर्धवट ऐकलेलं आहे, म्हणून पूर्ण सांगते.

मासा म्हणजे सॅमन. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्या माणसांच्या मनात काय चाललंय असं 'विचारलं'. ८०६४ व्हॉक्सेलपैकी १६ 'सिग्निफिकंट' आले. ०.००१ च्या उंबरठ्यावर, म्हणजे हजारात एक योगायोग चालेल असं धरून, ८०६४ चाचण्या केल्या की आठेक निव्वळ नशिबाने येतातच. मल्टिपल कंपॅरिझनची दुरुस्ती (हजारो चाचण्या एकदम केल्या म्हणून उंबरठा कडक करणं) लावल्यावर मासा पुन्हा मेला, आणि तोच त्यांचा मुद्दा होता. २०१२ चं इग नोबेल त्याला मिळालं. मशीन खोटं आहे असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

२०१६ चा पेपर अँडर्स एकलुंड, टॉम निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांचा. ४९९ निरोगी लोकांचे, काहीच काम न करतानाचे स्कॅन घेऊन त्यांनी खोटे गट पाडून तीस लाख तुलना केल्या. यांत ५ टक्के वेळाच काहीतरी 'सापडायला' हवं होतं. क्लस्टरच्या (लागून असलेल्या व्हॉक्सेलच्या पुंजक्याच्या) आकारावरून निकाल देणाऱ्या काही पद्धतींत ते ७० टक्क्यांपर्यंत गेलं, मुख्यतः क्लस्टर ठरवायचा पहिला उंबरठा सैल ठेवला तेव्हा. एकेका व्हॉक्सेलवरून निकाल देणाऱ्या पद्धती मात्र सुरक्षित निघाल्या, उलट जरा कंजूषच. ४०,००० हा आकडा मूळ पेपरात होता खरा, पण लेखकांनीच दुरुस्ती पाठवून तो काढला. निकोल्सने नंतर स्वतः हिशेब मांडला तेव्हा खऱ्या अडचणीतले पेपर साधारण ३,५०० निघाले. तेही काही थोडे नाहीत. पण ४०,००० ची बातमी झाली आणि दुरुस्तीची झाली नाही.

जाता जाता: बेरीज करणारं सॉफ्टवेअरही धुतल्या तांदळाचं नव्हतं. एएलई चालवणाऱ्या जिंजरएएलईमध्ये मल्टिपल कंपॅरिझनच्या दुरुस्तीतच दोन चुका होत्या. एक २०१५ मध्ये, दुसरी २०१६ मध्ये निस्तरली. २०१७ मध्ये आइकहॉफ मंडळींनी त्यावर आख्खा पेपर लिहून सांगितलं की जुन्या आवृत्तीवर निघालेले निकाल पुन्हा तपासा. आधीची मेटा-ॲनालिसिस एकमेकांशी का जुळत नव्हती, त्याच्या कारणांच्या यादीत हेही धरायला हवं.

---

जावईशोध

म्हणजे मी म्हणतो तेच, फक्त आकडे तुमचे.

---

तिठा

नाही हो. तुम्ही म्हणता "काहीच खरं नाही". मी म्हणतेय "कोणतं किती खरं ते मोजता येतं". मोजलं नसतं तर या चुका सापडल्याच नसत्या.

---

ओपीडी_टोकन

मी मनोविकारतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी. माझ्या टेबलावर वर्षभरात चार-दोन जण तरी पुण्या-मुंबईहून काढलेला एमआरआय घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, यात डिप्रेशन दिसतंय का?" मी नाही म्हणतो. त्यांना वाटतं डॉक्टरला वाचता येत नाही. धागाकर्त्यांना विनंती, हजारो माणसांच्या सरासरीतून माझ्यासमोरच्या एका माणसाबद्दल काय सांगता येतं, तेवढं एकदा आकड्यात लिहा. मी प्रिंट काढून लावेन.

---

उंबरठा_०५

डॉक्टरसाहेब, याचा सर्वांत चांगला आकडा एनिग्मा या जागतिक जाळ्याकडे आहे. २००९ पासून ते चालू आहे. तिथे छापील तक्ते गोळा करत बसत नाहीत. प्रत्येक केंद्र आपल्या मूळ स्कॅनवर एकच ठरलेली प्रक्रिया चालवतं आणि निघालेले आकडे पाठवतं. निकाल सिग्निफिकंट असो वा नसो, तो बेरजेत येतोच. नैराश्याबद्दलचा त्यांचा पेपर २०१६ चा: १७२८ रुग्ण आणि ७१९९ निरोगी. हे एफएमआरआय नव्हे, रचनेचे स्कॅन आहेत, हे ध्यानात ठेवा. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी जोडलेला मेंदूचा भाग) सरासरीने लहान निघाला. किती? कोहेनचा डी (दोन सरासऱ्यांतलं अंतर, माणसामाणसांतल्या फरकाच्या मापात) ०.१४.

याचा अर्थ असा. एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस चिठ्ठी टाकून निवडा आणि पैज लावा की रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान असेल. तुम्ही शंभरात साधारण ५४ वेळा जिंकाल. नाणं उडवून ५० वेळा जिंकला असतात.

फरक खरा आहे, जवळपास नऊ हजार माणसांवर दिसलेला आहे, आणि एका माणसाच्या निदानाला निरुपयोगी आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. प्रिंट काढायची तर हा परिच्छेद काढा.

आणि इतक्या लहान फरकाचा माग वीस-वीस जणांच्या अभ्यासांनी घेतला तर काय होईल? बहुतेकांना तो दिसणार नाही. ज्यांना दिसेल त्यांना तो फुगून दिसेल, कारण फुगल्याशिवाय उंबरठाच ओलांडता येत नाही. आणि छापून तेच येणार. कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मेंदूच्या आकारमानाच्या ४६१ अभ्यासांची पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडायची शक्यता) काढली, तर मध्यक ८ टक्के. हे वाचून मी पेपर मिटवून चहा करायला उठलो होतो.

---

ओपीडी_टोकन

५४ विरुद्ध ५०. आभारी आहे. हेच हवं होतं.

---

शेंगदाण्याचा_कूट

मी त्या न्यूरोसिंथवर (पेपरांची आपोआप बेरीज करणारी वेबसाइट) जाऊन 'पेन' शब्द टाकला तर मस्त रंगीत मेंदू आला, इन्सुला (मेंदूच्या घडीत दडलेला एक भाग) लालभडक. मग याचा अर्थ इन्सुला पेटला की दुखतंय, असंच ना? इथे तर म्हणे १४,००० पेक्षा जास्त पेपर आहेत.

---

तिठा

याच घसरगुंडीवरून थोरामोठ्यांनाही जाताना पाहिलंय. न्यूरोसिंथ ताल यारकोनी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काढलं. पेपरात कोणता शब्द वारंवार येतो आणि त्या पेपराच्या तक्त्यात कोणते बिंदू आहेत, याची जोडी यंत्राने लावायची. माणूस तपासायला नाही. बिंदू 'जास्त' चा की 'कमी' चा, हेही त्याला कळत नाही.

पण तुमचा प्रश्न दिशेचा आहे. वेदना असताना इन्सुला पेटतो, ही एक दिशा. इन्सुला पेटला म्हणून वेदना असेल, ही उलटी. मेंदूसंशोधक पोल्ड्रॅकने २००६ मध्ये याच उलट्या दिशेबद्दल सावध केलं होतं. आकडे मी मनाने घेते, फक्त हिशेबासाठी: १००० पेपर, त्यांतले ५० वेदनेचे. वेदनेच्या ५० पैकी ४० मध्ये इन्सुला दिसला, म्हणजे ८० टक्के, झकास. पण इन्सुला हा सगळ्या लग्नांना हजर असणारा भाग, भीती, लक्ष, चव, निर्णय, कुठेही हजेरी. उरलेल्या ९५० पैकी समजा फक्त २० टक्क्यांत दिसला तरी ते १९० पेपर झाले. आता इन्सुला दिसलेले एकूण २३०, त्यांत वेदनेचे ४०. म्हणजे १७ टक्के. ८० वरून १७ वर आलो, आणि एकही आकडा चुकलेला नाही.

२०१५ मध्ये लीबरमन आणि आयझेनबर्गर यांनी न्यूरोसिंथच्याच आधारे 'पीएनएएस'मध्ये लिहिलं की डॉर्सल अँटिरिअर सिंग्युलेट हा भाग खास वेदनेचा आहे. त्यावर ज्याने न्यूरोसिंथ बनवलं त्या यारकोनीनेच जाहीर हरकत घेतली की माझ्या साधनातून हा निष्कर्ष निघत नाही. झी-स्कोअर (निकाल योगायोगापासून किती दूर ते सांगणारा आकडा) मोठा असणं म्हणजे 'संबंध नाही' हे नाकारता येणं. ती जागा त्याच कामाची आहे, हे त्यातून येत नाही.

---

पोहे_विदाउट_कांदा

"सगळ्या लग्नांना हजर असणारा भाग" 😀 आमच्याकडे असे एक काका आहेत.

अवांतर: बिंदू जुळवताना सगळ्यांचे मेंदू एकाच मापाचे कसे धरतात?

---

मोसम_नदी

अवांतर नाही ते. प्रत्येक मेंदू ताणून-दाबून एका प्रमाण साच्यात बसवतात. जुना साचा तालैराक आणि तूर्नू यांच्या १९८८ च्या ॲटलासचा, आणि तो साठीच्या एका महिलेच्या मृत्यूनंतरच्या मेंदूवरून केलेला. एक मेंदू! पुढे मॉन्ट्रियलचा एमएनआय साचा आला, १५२ जणांच्या सरासरीचा. दोन्ही साच्यांतले आकडे एकच नाहीत, काही भागांत फरक सेंटिमीटरपर्यंत जातो. त्यामुळे बेरीज करण्याआधी सगळे बिंदू एका साच्यात आणावे लागतात, आणि कुठल्या पेपराने कोणता साचा वापरला ते नीट लिहिलेलंच नसतं.

आपल्याकडचं सांगायचं तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा ॲटलास केला. पाश्चात्त्य आणि पूर्व आशियाई साच्यांपेक्षा तो लांबी-रुंदी-उंचीला सरासरीने लहान निघाला. लगेच अस्मितेचे प्रतिसाद नकोत, आकारावरून अक्कल ठरत नाही. पण भारतातले अभ्यास परदेशी साच्यात कोंबताना ताण जास्त द्यावा लागतो, हे खरं.

केंद्राकेंद्रांतल्या स्कॅनरचा फरक काढायला कॉम्बॅट नावाची पद्धत आहे. मुळात ती जनुकांच्या मायक्रोॲरेसाठी २००७ मध्ये आली, नंतर मेंदूवाल्यांनी उचलली. एका केंद्रात सगळे रुग्ण आणि दुसऱ्यात सगळे निरोगी असतील तर मात्र ती काही करू शकत नाही. स्कॅनरचा फरक कोणता आणि आजाराचा कोणता, ते मग देवही सांगणार नाही.

---

जावईशोध

बरं, समजा सगळे नकाशे दिले, साचा एक, स्कॅनर एक, माणसंही तीच. मग तरी एकच उत्तर येईल का? की तेही नाही?

---

उंबरठा_०५

वा, या प्रश्नासाठी तुमचे आधीचे सगळे प्रतिसाद माफ.

हा प्रयोग झालाय. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेला नार्प्स. तेल अवीवला १०८ जणांचे स्कॅन, पैजेचा खेळ खेळताना. तोच डेटा ७० स्वतंत्र गटांना दिला, नऊ हायपोथिसिस दिले, "हो की नाही सांगा" म्हटलं. दोन गटांनीही अगदी एकसारखी प्रक्रिया वापरली नाही. एका हायपोथिसिसला ८४ टक्के गट हो म्हणाले, तिघांना जवळपास सगळे नाही म्हणाले, आणि उरलेल्या पाचांना २१ ते ३७ टक्के हो. म्हणजे त्या पाचांपैकी एखादा पेपर तुम्ही वाचलात तर तो कोणत्या गटाच्या हाताखालून आला, यावर निकाल ठरणार.

पण पुढचा भाग बातमीत येत नाही, आणि या धाग्याला तोच लागू आहे. गटांनी उंबरठा लावण्याआधीचे नकाशेही जमा केले होते. ते शेजारी ठेवले तर बहुसंख्य गटांचे नकाशे एकमेकांशी चांगलेच मिळतेजुळते निघाले, अगदी निकाल उलटा देणाऱ्यांचेसुद्धा. मग त्या नकाशांचं मेटा-ॲनालिसिस केलं. तिथे काळजी घ्यावी लागली, कारण ७० नकाशे एकाच डेटाचे असल्यामुळे ते स्वतंत्र अभ्यास नव्हेत. त्यांतलं परस्परसंबंधाचं गणित वेगळं धरलं, आणि बऱ्याच जागांवर एकमत दिसलं.

तर जावईशोध, भांडण मुख्यतः हो-नाही म्हणायच्या टप्प्यावर होतं. नकाशे बरेचसे एकच बोलत होते.

---

जावईशोध

हम्म. हे वाचावं लागेल.

---

तिठा

(कुणीतरी तारीख लिहून ठेवा.)

एक राहिलंच, तुलना. "नैराश्याच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये अमिग्डाला आला, चिंतेच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये नाही आला, म्हणजे दोघांत फरक आहे." हे वाक्य पदोपदी दिसतं आणि ते चूक आहे. एक उंबरठ्याच्या वर, दुसरं खाली, यातून दोघांतला फरक सिद्ध होत नाही. फरकाचीच वेगळी चाचणी करावी लागते. नीउवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मोठ्या जर्नलांतले ५१३ पेपर तपासले. ही चूक होऊ शकेल अशी जागा १५७ मध्ये होती, त्यांतल्या ७९ जणांनी ती केली. बरोबर करणाऱ्यांपेक्षा एक जास्त!

एएलईमध्ये ही तुलना करायची तर दोन्ही गटांचे प्रयोग एकत्र मिसळून पुन्हा पुन्हा स्वैर वाटणी करतात आणि प्रत्यक्षातला फरक त्या ढिगात कुठे पडतो ते बघतात. एका गटात ८० प्रयोग आणि दुसऱ्यात १५ असतील तर तो निकाल मी तरी मनावर घेणार नाही.

---

बाकावरची_शेवटची

मी पीएचडीला आहे, पहिलं वर्ष. गाईड म्हणताहेत एएलई करून टाक, तीन महिन्यांत पेपर होतो. माझ्या विषयावर सगळं मिळून १४ पेपर निघालेत. त्यांतल्या चारांनी फक्त ठरावीक भागच तपासलेत. दोन पेपर एकाच गटाच्या त्याच पेशंटांवरचे वाटताहेत. काय करू? प्लीज सांगा, इथे विचारताना लाज वाटतेय पण लॅबमध्ये त्याहून जास्त वाटते.

---

उंबरठा_०५

लाज कसली, १४ पैकी कोणते सहा अडचणीचे आहेत हे तुम्हाला दिसलं यातच निम्मं काम झालं.

ठरावीक भाग तपासलेले चार बाहेर काढा. एएलईचा नल आख्ख्या मेंदूत कुठेही बिंदू पडू शकतो असं धरतो. ज्यांनी फक्त अमिग्डालाच पाहिला त्यांचे बिंदू अमिग्डालातच पडणार, आणि तुम्हाला खोटी दाटी मिळणार. त्याच पेशंटांवरचे दोन पेपर एकच प्रयोग म्हणून धरा. राहिले ९. आइकहॉफच्या २०१६ च्या सिम्युलेशननुसार निदान १७ ते २० प्रयोग लागतात, नाहीतर एखादा दांडगा अभ्यास सगळा निकाल ओढून नेतो. ९ वर एएलई करू नका, कितीही आग्रह झाला तरी.

---

तिठा

+१. त्यापेक्षा त्या नऊ गटांना मेल टाका आणि उंबरठा न लावलेले टी-नकाशे (प्रत्येक व्हॉक्सेलचा सांख्यिकी आकडा असलेले) मागा. ९ पूर्ण नकाशे आले तर इमेज-बेस्ड पद्धत लावता येते, आणि तो पेपर एएलईपेक्षा वजनदार होईल. चार-पाचच आले तर एसडीएम ही दुसरी पद्धत बघा, त्यात नकाशे आणि बिंदू एकत्र चालतात. आधी प्रॉस्पेरोवर (अशा अभ्यासांचे आराखडे आधीच नोंदवायची जागा) नोंदणी करा, निकष कोणते ते निकाल बघण्यापूर्वी लिहून टाका. गाईडना दाखवायला म्युलर आणि मंडळींचा २०१८ चा दहा नियमांचा पेपर आहे, तो टेबलावर ठेवून या, वाद घालू नका.

---

बाकावरची_शेवटची

मेल इंग्रजीत कसा लिहू, "तुमचा जुना डेटा द्या" हे उद्धट वाटतं.

---

मोसम_नदी

मसुदा व्यनि (खासगी निरोप) करतो. दोन गोष्टी मात्र नक्की लिहा: नेमक्या कोणत्या तुलनेचा नकाशा हवा ते, आणि गटात किती माणसं होती ते. आणि पत्रव्यवहाराच्या लेखकाबरोबरच पहिल्या लेखकालाही पाठवा. फाइल बहुतेक वेळा त्याच्याच लॅपटॉपवर असते.